गाडी दारात, पण चावी कुठे?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नाशकात पाथर्डी फाट्याजवळ तुमचं रो-हाऊस, गाड्या दोन, एक २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक आणि एक दोन वर्षांपूर्वी घेतलेली पुश बटणवाली एसयूव्ही, आणि गेटच्या आत जागा एकाच गाडीची. मागच्या गल्लीतली एक गाडी रात्रीतून चोरीला गेली आणि तेव्हापासून घरात रोज तोच विषय, जीपीएस लावू का कॅमेरा लावू का दोन्ही, आणि आत कुठली गाडी लावायची. शिवाय भावाच्या मारुती ईको व्हॅनचंही विचारलंय, त्याच्याकडे शेवटी येतो.

मी ऑटो इलेक्ट्रिशियन. वायरिंग, सेंट्रल लॉक, चाव्यांचं कोडिंग हेच रोजचं काम. चोरीला गेलेली गाडी परत मिळाली की वायरिंग जोडायला आमच्याकडेच येते, म्हणून चोराने कुठे हात घातला ते आम्हाला बघायला मिळतं. स्टीअरिंगखालचं कव्हर तुटलेलं, वायरी लोंबकळतायत, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळचं स्कॅनर लावायचं सॉकेट उघडं, आणि मागची छोटी काच फुटलेली. आणि काही गाड्यांवर साधा ओरखडाही नसतो. त्या चावीने गेलेल्या असतात. खरी चावी, डुप्लिकेट चावी नाहीतर चावीचा सिग्नल. म्हणून कस्टमर जीपीएसचं विचारायला आला की मी आधी विचारतो, तुमच्या गाडीच्या चाव्या किती आहेत आणि आत्ता या मिनिटाला कुठे आहेत? निम्मे लोकं दुसऱ्या चावीवर अडकतात. कपाटात असेल, गावी असेल, ड्रायव्हरकडे राहिली असेल, असलं उत्तर.

तुम्हीही लिहिलंय की हॅचबॅकची दुसरी चावी मागे गावी जाताना कुठेतरी हरवली. मग पहिलं काम हेच. चिपवाली चावी असेल तर (चावी न लावता बघा, डॅशबोर्डवर चावीचं नाहीतर कुलुपाचं चिन्ह असलेला छोटा लाल दिवा लुकलुकत असेल तर इमोबिलायझर, म्हणजे चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारं यंत्र, आहे असं समजा, तरी एकदा तपासून घ्या) हरवलेली चावी गाडीच्या मेमरीतून काढून टाकता येते. स्कॅनर लावला की बहुतेक गाड्यांत किती चाव्या रजिस्टर आहेत ते दिसतं, सगळ्या पुसायच्या आणि हातात आहे ती आणि नवीन केलेली अशा दोनच परत शिकवायच्या. मग हरवलेली चावी कुणाला सापडली तरी तिने दार उघडेल पण इंजिन चालू होणार नाही. दारही उघडू नये असं वाटत असेल तर लॉकसेट बदलावा लागतो, पण २०१२ च्या गाडीला तेवढा खर्च मी सांगणार नाही. सेकंडहँड गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्याच आठवड्यात करावं, कारण आधीच्या मालकाने दोन चाव्या दिल्या म्हणजे दोनच होत्या असं काही नसतं.

नवीन गाडीच्या चाव्यांबरोबर एक छोटी पट्टी येते, तिच्यावर चावीचा नंबर असतो. लोकं ती हौसेने चावीच्याच रिंगमध्ये अडकवून वर्षानुवर्षं फिरवतात. त्या नंबरावरून चावी कापता येते. पट्टी काढा, घरात कपाटात ठेवा.

आता एसयूव्ही. पुश बटणवाल्या गाडीत तुम्ही चावी खिशातून काढतच नाही, गाडी हँडलपासून मीटर-दीड मीटरपर्यंत कमी फ्रिक्वेन्सीचा सिग्नल सोडते, चावी तो ऐकून उत्तर देते आणि दार उघडतं. चोर दोघं असतात, एक तुमच्या दाराजवळ घरातल्या चावीचा सिग्नल पकडतो आणि दुसरा गाडीजवळ तो पोचवतो, गाडीला वाटतं चावी इथेच आहे. काच फुटत नाही, अलार्म वाजत नाही. आपल्याकडे सगळेच चोर हे मशीन घेऊन फिरतात असं अजिबात नाही, पण रो-हाऊसची रचनाच अशी असते की मेन डोअरच्या आत चपलांचं कपाट, त्याच्या वर भिंतीवर चाव्यांचा हुकबोर्ड, आणि बाहेर आठ-दहा फुटांवर गाडी. चावी त्या बोर्डवरून आत बेडरूममध्ये नेली तरी अर्धं काम होतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

उरलेल्या अर्ध्यासाठी सिग्नल अडवणारा पाऊच मिळतो, दोनशे-पाचशे रुपयांत. पण घेतला की टेस्ट करा. चावी पाऊचमध्ये घालून बंद करायची, दुसरी चावी घरातच ठेवायची, गाडीला चिकटून उभं राहायचं आणि हँडलचं बटण दाबायचं. दार उघडलं तर पाऊच बोगस. आज पास झालेला पाऊचही घडीवर आतलं अस्तर फाटलं की निकामी होतो, म्हणून अधूनमधून परत तपासा. स्टीलच्या डब्याचं पण लोकं विचारतात, काही डबे चालतात, काही चालत नाहीत, टेस्ट तीच. मायक्रोवेव्हमध्ये मात्र चावी ठेवू नका, सकाळी घाईत दूध गरम करायला कुणीतरी तो चालू करणार हे नक्की.

दुसऱ्या स्पेअर चावीला पाऊचही नको. तिचा सेल काढून ठेवा. बहुतेक चाव्यांत सीआर २०३२ असतो, चपटा, नाण्यासारखा. सेल नसलेली चावी लांबून काही बोलतच नाही, आणि गरज पडली तर आतली लोखंडी चावी काढून दार उघडायचं, मग चावी स्टार्ट बटणाला टेकवायची किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या खाचेत ठेवायची, गाडी चालू होते. आतली चिप सेलवर चालत नाही म्हणून हे जमतं. मॅन्युअल उघडलंच आहे तर आणखी एक बघा, काही गाड्यांत स्मार्ट एन्ट्री, म्हणजे चावी खिशातच ठेवून दार उघडायची सोय, सेटिंगमधून बंद करता येते. मग चावीवरचं बटण दाबून दार उघडावं लागेल, एवढाच काय तो त्रास.

या पुश बटणवाल्या गाड्यांची एक खोड घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. गाडी चालू असताना चावी खिशात घेऊन तुम्ही उतरलात तर गाडी बंद पडत नाही. पीं पीं करते, स्क्रीनवर मेसेज देते, पण चालतच राहते, कारण रस्त्यात मधेच इंजिन बंद पडणं जास्त धोक्याचं. म्हणजे टपरीवर चहा घ्यायला उतरलात, एसी चालू राहू दे म्हणून गाडी चालू ठेवली, चावी तुमच्या खिशात, तरी कुणीही बसून गाडी घेऊन जाऊ शकतो आणि जोवर तो बंद करत नाही तोवर ती चालते. मागच्या सीटवर पोरं असतील तर काय, ते मी लिहीत नाही. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा पाच-सहावर आला की नाशकातही पहाटे काका लोकं गाडी स्टार्ट करून गेटबाहेर ठेवतात आणि आत जाऊन स्वेटर घालतात, चहा पितात. इंजिन गरम होतंय म्हणे. आताच्या इंजिनाला एवढं गरम करायची गरजच नाही, चालू करा, अर्ध्या मिनिटात निघा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा.

बरं, आत कुठली गाडी लावायची? एसयूव्ही आत, हॅचबॅक बाहेर गेटला आडवी, म्हणजे एसयूव्ही काढायची तर आधी हॅचबॅक हलवावी लागेल. पण मग हॅचबॅक हलता कामा नये, म्हणून तिला गिअर लॉक. लोखंडी लॉक म्हटलं की नवीन पिढी हसते, पण मी लावायला सांगतो ते हेच. चांगला गिअर लॉक दोन सीटच्या मधल्या पत्र्याला पक्का बसवतात, बसवताना बोल्टचं डोकं तोडून टाकतात म्हणजे पाना लागत नाही. रिव्हर्समध्ये टाकून लॉक करायचं. दोन-तीन हजारांत काम होतं. स्टीअरिंगला लावायचा दांडा त्याहून स्वस्त, त्याची स्टीअरिंगची रिंग कापून सुटका करता येते हे खरं, पण तो बाहेरून काचेतून दिसतो हाच त्याचा उपयोग. चोराला आवाज नको असतो आणि वेळ नसतो, शेजारी विनालॉकची तशीच गाडी उभी असेल तर तो तुमच्या गाडीशी कुस्ती खेळत बसत नाही. (शेजाऱ्यालाही लॉक घ्यायला सांगा, नाहीतर पुढच्या संक्रांतीला तिळगूळ मिळायचा नाही.)

एसयूव्हीला मी वायर कापून चोरस्विच लावायचा सल्ला देणार नाही. जुन्या गाडीला फ्युएल पंपाच्या लाइनमध्ये लपवलेला स्विच हे उत्तम काम आहे, हॅचबॅकला खुशाल करा, पण करणारा माणूस ओळखीचा आणि स्विचची जागा तुम्ही दोघं सोडून कुणाला माहीत नको. वॉरंटीतल्या गाडीत वायर कापली की उद्या काहीही बिघडलं तरी सर्व्हिस सेंटर त्याच कापलेल्या वायरकडे बोट दाखवणार. दहा-पंधरा दिवस बाहेरगावी जाताना फ्युएल पंपाचा फ्यूज काढून सोबत न्या, मॅन्युअलमध्ये कुठला ते दिलेलं असतं, दिलेलं नसेल तर सर्व्हिसला गेल्यावर दाखवून घ्या. चोराने डुप्लिकेट चावी आणली तरी गाडी दोन-चार सेकंद चालून बंद.

गेटचं तुम्ही काहीच लिहिलं नाही पण फोटोत बघितलं, दोन फळ्यांचं लोखंडी गेट, खाली-वर खिळ्याच्या बिजागऱ्या. बाहेरून कुलूप भारी आहे, पण हे गेट दोन माणसांनी खालून उचललं की बिजागरीतून अलगद बाहेर येतं, कुलूप लागलेलंच राहतं. वेल्डरला बोलवून वरच्या बिजागरीच्या लगेच वर खांबाला एक लोखंडी तुकडा वेल्ड करून घ्या, म्हणजे फळी वर सरकायला जागाच राहत नाही. अर्ध्या तासाचं काम. कुलूप आतल्या बाजूने लावा, बाहेर हात पोचणार नाही असं.

कॅमेरा लावा, पण लोकं लावतात तसा गच्चीच्या कठड्यावर नको. वरून नुसती टोपी दिसते. एक कॅमेरा छातीच्या उंचीवर गेटच्या खांबाकडे तोंड करून, म्हणजे चेहरा आणि आलेल्या गाडीचा नंबर दोन्ही येतात. रेकॉर्डिंगचा डबा पार्किंगमधल्या मीटरच्या पेटीवर ठेवू नका, घरात माळ्यावर ठेवा. तारीख-वेळ बरोबर आहे का ते बघा, फुटेजवर भलतीच तारीख असेल तर पोलिसांना ते जुळवत बसावं लागतं. माणूस आला की लागणारा सेन्सरचा दिवा कॅमेऱ्याइतकाच उपयोगी आणि स्वस्त. गल्लीतल्या कुत्र्यांवर विसंबू नका, दोन बिस्किटांत ती पार्टी बदलतात.

जीपीएस मी विकतो आणि बसवतो, तरी सांगतो, तो चोरी थांबवत नाही, गेल्यावर सापडायला मदत करतो. घ्यायचा तर स्वतःची बॅटरी असलेला घ्या, आणि स्कॅनरच्या सॉकेटमध्ये नुसता खोचायचा नको, तो चोर पहिल्या मिनिटात काढून फेकतो. आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांतले बंद पडलेले ट्रॅकर काढून बघितले की डिव्हाइस बहुतेक वेळा ठीक असतं, सिमचा रिचार्ज संपलेला असतो. तुमच्या एसयूव्हीत कंपनीचंच कनेक्टेड ॲप असेल, त्याचंही फुकट सबस्क्रिप्शन कधी संपतंय ते बघून ठेवा. ॲपलचा टॅग टाकून ठेवणारे आहेत, चालतो, पण अनोळखी टॅग सोबत फिरतोय अशी सूचना चोराच्याही फोनवर जाऊ शकते, त्यामुळे भरवसा त्याच्यावर ठेवू नका. आणि लोकेशन रात्री तीन वाजता पेठ रोडने पुढे सरकताना दिसलं तर भाऊबंद गोळा करून मागे धावायचं नाही, फोन पोलिसांच्या हातात द्यायचा. मान्यताप्राप्त अँटी थेफ्ट डिव्हाइसवर इन्शुरन्समध्ये सूट मिळते असं दुकानदार सांगतात, ती ओन डॅमेज प्रीमियमच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठी भरतो तो हप्ता) अडीच टक्के आणि जास्तीत जास्त ५०० रुपये, तेवढ्यासाठी काही घेऊ नका.

रोजच्या सवयींमध्ये दोनच गोष्टींवर मी हट्ट धरतो. एक, रिमोटने लॉक केलं की मागे न बघता चालायला लागायचं नाही. सिग्नल जॅम करणारं साधं यंत्र जवळ असेल तर तुम्ही बटण दाबता आणि गाडी लॉकच होत नाही. आरसे मिटले का बघा, आरसे आपोआप मिटत नसतील तर हँडल ओढून बघा. दोन, चावी परक्या हातात देताना फक्त गाडीची चावी द्या. वॉशिंग सेंटर, गॅरेज, आणि लग्नसराईत लॉन्सवरचा व्हॅले पार्किंगवाला पोरगा, यांना आपण घराच्या, ऑफिसच्या, कपाटाच्या चाव्यांचा सगळा जुडगा देऊन मोकळे होतो आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात घरचा पत्ता असलेलं आरसी. गॅरेजवाला असून मीच सांगतो, आम्हालाही एकच चावी द्या. ओरिजिनल आरसी गाडीत ठेवायची गरज उरलेली नाही, डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं चालतं. सिग्नलवर कुणी काचेवर टकटक करून ऑइल गळतंय, टायर पंक्चर आहे, खाली पैसे पडलेत असं सांगितलं तर दारं लॉकच ठेवून पुढे पेट्रोल पंपावर जाऊन बघा, कारण तुम्ही उतरून वाकलात की दुसऱ्या बाजूने सीटवरची बॅग जाते. बँकेतून निघाल्यावर तर हे शंभर टक्के पाळा.

तरीही गाडी गेलीच तर? आधी टोइंगवाल्यांनी किंवा हप्ता थकला असेल तर फायनान्सवाल्यांनी उचलली नाही ना ते विचारून घ्या, यात दहा मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका. मग ११२ आणि लगेच पोलीस स्टेशन. हद्दीवरून कुणी टोलवाटोलवी केली तर झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, कुठल्याही स्टेशनात नोंदवता येते ती) मागा, आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे. ऑनलाइन तक्रार टाकली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. चोरीचं कलम १ जुलै २०२४ पासून जुन्या आयपीसीचं ३७९ नाही, भारतीय न्याय संहितेचं ३०३. फास्टॅग घाईने ब्लॉक करू नका, आधी टोलचा मेसेज बघा. घोटीला पैसे कापले तर गाडी मुंबईकडे, पिंपळगाव बसवंतला कापले तर धुळ्याकडे, शिंदेला कापले तर पुण्याकडे. हा मेसेज पोलिसांना दाखवा, मग त्यांना विचारून हायवे हेल्पलाइनला १०३३ वर किंवा बँकेला फोन करा.

इन्शुरन्स कंपनीलाही त्याच दिवशी कळवा. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये म्हटलंय की एफआयआर लगेच केली असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्यावरून चोरीचा क्लेम नाकारता येत नाही, पण कोर्टापर्यंत कशाला जायचं. क्लेमला ते दोन्ही चाव्या मागतात, आणि हॅचबॅकचा पूर्ण इन्शुरन्स पुढे कधी काढलात तर इथे ती हरवलेली चावी परत आडवी येते. म्हणून नवीन चावी केल्याचं बिल जपून ठेवा, आणि जुनी हरवल्याची पोलिसांकडे नोंद आजच करून घ्या, चोरीनंतर नको. तपास लागला नाही तर पोलीस कोर्टात अ समरी (गुन्हा खरा पण चोर सापडला नाही असा अहवाल) पाठवतात, तो कागद आल्याशिवाय पैसे मिळत नाहीत, त्यामुळे महिने जातात. मिळतात ते आयडीव्हीप्रमाणे, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीप्रमाणे, दोन ते तीन वर्षांच्या गाडीला शोरूम किमतीतून साधारण ३० टक्के वजा, पाचव्या वर्षापर्यंत निम्म्यावर. एसयूव्हीला रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी गेली तर बिलाची किंमत देणारं जादा कव्हर) घेतलं नसेल तर पुढच्या रिन्यूअलला विचारा. हॅचबॅकला तुम्ही फक्त थर्ड पार्टी काढलाय असं लिहिलंय, त्यात चोरीचा एक रुपया मिळत नाही, म्हणजे तिचा इन्शुरन्स तो गिअर लॉकच समजा.

आता भावाची ईको, द्राक्षाच्या मळ्यावर उभी असते ती. तिथे गाडी जाण्यापेक्षा सायलेन्सर जायची भीती जास्त. सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा भाग) प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं, चोर लोकं त्याला सरळ ‘माती’ म्हणतात आणि ती मातीच विकली जाते. २०२१ च्या सुमारास रोडियमचा भाव सोन्याच्या कितीतरी पट वर गेला आणि तेव्हा गुजरातपासून आपल्याकडच्या शहरांपर्यंत ईकोचे सायलेन्सर रात्रीत गायब व्हायला लागले, कारण ईको उंच, खाली सरकायला जागा, आणि चार बोल्ट सुटले की काम झालं. काही वेळा तर सायलेन्सर जागेवरच असतो, आतली माती काढून रिकामा परत बसवलेला, आणि मालकाला पीयूसीला गेल्यावर कळतं. वर्कशॉपवर लोखंडी सळयांची जाळी बनवून मिळते, चेसिसला बोल्टने बसवायची, बोल्टची डोकी घासून गोल करून टाकायची. जाळी एक्झॉस्टला चिकटू देऊ नका, दोन बोटं अंतर हवं, नाहीतर तापून खडखडते. आणि वेल्डर थेट सायलेन्सरलाच वेल्ड करू म्हणाला तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावा आणि ईसीएमचं (इंजिनाच्या कंप्युटरचं) सॉकेट सोडवून घ्या, नाहीतर सायलेन्सर वाचेल पण ईसीएम उडेल, आणि मग गाडी माझ्याकडे येईल.